भिंतीला पाय लागतात तेव्हा...

भिंत म्हटलं की तुमच्या-माझ्या डोक्यात काय येतं? शेड कार्ड! ऑफ व्हाइट की पीच, यावर घरात दोन रविवार वाद. फार तर भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळा ठोकायची परवानगी. पण भिंत नुसती उभी नसते, बॉस. तिच्यावर जे काही येऊन पडतं, त्याचं पुढे काय होणार हे ती ठरवते. आणि आपल्याच राज्यात अशी गावं आहेत, जिथे तिच्या या निर्णयाचा संबंध थेट घरातल्या तापाशी असतो.

ताडोब्याच्या निमित्ताने आपण चंद्रपूरपर्यंत जाऊन येतो. वाघ दिसला, फोटो टाकला, परत. तिथून पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. जंगल, नाले, भातशेती आणि हटता न हटणारा मलेरिया. एका ऑगस्टमध्ये कामासाठी तिकडे गेले होते, तेव्हा एका गावात फवारणी चालू होती. पंप घेतलेले कर्मचारी घरोघरी जाऊन आतल्या भिंतींवर औषध मारत होते. डासांवर नाही, भिंतींवर!

त्यामागचा फंडा सॉलिड आहे. अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी रात्री रक्त पिते, तेव्हा तिचं वजन जवळपास दुप्पट होतं. लग्नाच्या बुफेनंतर आपली होते तीच गत. लांब उडणं जमत नाही. मग ती जवळची भिंत गाठते आणि रक्तातलं जास्तीचं पाणी टाकत, अन्न पचवत तिथेच बसते. औषध तिची वाटच बघत असतं. ते तिच्या सहा पायांवाटे अंगात जातं.

हा शोध मुळातच पृष्ठभागाचा. स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटी माश्यांवर वापरून पाहिलं. माश्यांची पेटी नीट धुतल्यावरही तिच्या भिंतींना टेकलेल्या नव्या माश्या खाली पडत होत्या. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि १९५३ मध्ये भारताने डीडीटीच्या जोरावर मलेरियाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पुढे बऱ्याच भागांत डासांनी डीडीटीला दाद देणं बंद केलं आणि डेल्टामेथ्रिनसारखी नवी औषधं आली. पण भिंतीचा प्रश्न तिथेच राहिला.

कारण म्यूलर यांची पेटी वेगळी आणि गडचिरोलीतला कूड वेगळा. कूड म्हणजे बांबूच्या कामट्यांवर माती लिंपून केलेली भिंत. काच औषध वरच्या वर धरून ठेवते, माती ते पिऊन टाकते. आत मुरलेलं औषध डासाच्या पायांना कसं लागणार? म्हणून फवारणीत पाण्यात कालवलेली भुकटी वापरतात. पाणी मातीत मुरतं आणि भुकटीचे कण वर अडकतात, चहा गाळल्यावर पावडर गाळणीत राहते तसे. डेल्टामेथ्रिन लागतं तरी किती? एका चौरस मीटरला २० मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याएवढं वजन! तेवढं औषध साधारण १० आठवडे काम करतं... भिंतीला कुणी हात लावला नाही तर. मग चुन्याची भिंत बरी का? तिथे दुसरी गंमत. चुन्याच्या अल्कलीत हे औषध लवकर मोडतं.

आणि इथेच खरी अडचण येते.

“मावशी, अडीच महिने भिंत सारवायची नाही बरं का,” कर्मचारी म्हणाला.

“पोळा तोंडावर आला जी. सणाला असे पांढरे डाग पडलेल्या भिंती ठेवू का?”

काय उत्तर देणार? सारवलेली भिंत म्हणजे त्या घराचा इस्त्रीचा शर्ट. पण शेणमातीचा एक हात फिरला की औषध खाली गाडलं जातं आणि डासाला बसायला कोरी करकरीत जागा मिळते. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी तोडगा निघाला: दर्शनी ओसरी सारवायची, झोपायच्या खोलीला हात लावायचा नाही. मला वाटतं, यावरचा खरा इलाज औषधाच्या डब्यात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. फवारणीची तारीख पंधरा दिवस आधी कळली तर आधी सारवण होईल, भिंत वाळेल, मग फवारणी. सणही साजरा आणि औषधही शाबूत.

आणि जिथे भिंतच नाही तिथे? धान राखायला माणसं शेतात मचाणावर झोपतात, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी जंगलात मुक्काम पडतो. तिथे सोबत नेता येईल असा पृष्ठभाग लागतो, म्हणजे औषधाची मच्छरदाणी. तिच्या काही प्रकारांत औषध धाग्यातच मिसळलेलं असतं. धुतल्यावर वरचं निघून गेलं तर आतलं हळूहळू वर येतं. साधारण २० धुण्यांपर्यंत ती चालावी अशी तिची रचना असते. फक्त वाळवायची सावलीत.

‘आपण फ्लॅटवाले, आपल्याला काय टेन्शन?’ असं म्हणताय? थांबा. डेंगीचा एडिस डास उघड्या भिंतीवर क्वचितच बसतो. त्याला पडद्यामागची, पलंगाखालची, लटकवलेल्या कपड्यांमधली अंधारी जागा लागते. त्याची मादी अंडी घालते तीही पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, तिथे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. आपल्याकडेही गॅलरीत एखादा असतोच. पाऊस आला की आपण पाणी ओततो आणि कूलर माळ्यावर टाकतो. सोबत अंडीही माळ्यावर! पुन्हा पाणी भरलं की त्यांचा सीझन सुरू.

तेव्हा कूलर नुसता रिकामा करू नका, आतून ब्रशने खसाखसा घासा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि हो, दाराच्या मागे लटकवलेला तो कपड्यांचा ढीगही एकदाचा उचला!