धावपट्टी आहे, विमान कुठे आहे?

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा कोकणच्या दीर्घ प्रतीक्षेचे सार्थक झाल्याची भावना सर्वत्र होती. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या या भूमीला अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी लाभली. ‘अलायन्स एअर’चे विमान मुंबईहून येऊन तिच्यावर उतरले. उद्घाटनाच्या व्यासपीठावर श्रेयाची चढाओढही महाराष्ट्राने पाहिली. पुढे बरोबर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘उडान’ योजनेतील मुदत संपली आणि हीच मुंबई सेवा बंद पडली. श्रेय घेण्यास अनेक जण पुढे सरसावले होते. सेवा थांबली तेव्हा उत्तरदायित्व स्वीकारण्यास मात्र कोणी पुढे आले नाही.

अशा वेळी राजकीय दोषारोप सुरू होतात. वस्तुतः विमानसेवेचे भवितव्य विमान कंपनीच्या ताफ्याच्या नियोजनात ठरत असते. विमान ही अत्यंत महागडी यंत्रणा असून बहुतेक कंपन्या ती भाडेपट्ट्याने घेतात. विमान उडो अथवा जमिनीवर उभे राहो, भाडे द्यावेच लागते. त्यामुळे दिवसातील प्रत्येक तास कोणत्या मार्गावर खर्च करावयाचा, याचा हिशेब कंपनी सतत करीत असते. अलायन्स एअरची मुख्य भिस्त ‘एटीआर ७२’ या सुमारे सत्तर आसनांच्या, पंख्याच्या विमानांवर आहे आणि तिचा ताफा लहान आहे. अशा ताफ्यातील एखादे विमान दुरुस्तीसाठी थांबले, की कुठली तरी फेरी रद्द करणे अपरिहार्य होते. ती फेरी बहुधा सर्वांत कमी उत्पन्नाच्या, म्हणजेच छोट्या गावाच्या वाट्याची असते. वेळेवर न येणाऱ्या विमानाकडे प्रवासी पाठ फिरवतो, आसने रिकामी राहतात आणि रिकाम्या आसनांचा दाखला देऊन मार्गच बंद केला जातो.

मुंबईची अडचण याहून मोठी आहे. तेथील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. सत्तर आसनांचे विमान उतरो वा एकशे ऐंशी आसनांचे, धावपट्टीवरील वेळेचा एक घटक तेवढाच खर्ची पडतो. साहजिकच, जिल्ह्याच्या गावाला दिलेली वेळ महानगरांच्या मार्गावर वापरली तर अधिक लाभ होईल, असा विचार व्यापारी बुद्धी करते. त्यातच ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या प्रवाशाला तेथे अनेक शहरांची विमाने उपलब्ध झाली. जून २०२३ मध्ये मुंबई-मडगाव ‘वंदे भारत’ कणकवलीला थांबू लागली. म्हणजे स्पर्धा दोन्ही बाजूंनी वाढली आणि आधार मात्र काढून घेतला गेला.

हा अनुभव एकट्या चिपीचा नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’च्या पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबादचा समावेश होता. ती सेवा देणारी ‘ट्रूजेट’ फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘एअर डेक्कन’ने एकोणीस आसनी विमानाने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली, २०२० मध्ये त्या कंपनीचाही कारभार थांबला. त्याही पूर्वी, १९८१ साली दुर्गम भागांसाठी स्थापन झालेली ‘वायुदूत’ १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. प्रत्येक पिढीत आशा नवी असते; अपयशाचे कारण मात्र तेच असते.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात ‘उडान’चे परखड परीक्षण केले आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिल्या गेलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांचा काळ पूर्ण केला आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकले ते अवघे ५४. हे आकडे योजनेच्या हेतूविषयी शंका घेण्यासाठी नव्हेत. सामान्य माणसाला विमानात बसविण्याचा तो हेतू सर्वथा योग्यच होता. प्रश्न योजनेच्या रचनेचा आहे.

जो मार्ग स्वबळावर चालत नाही तो बंद पडू द्यावा, असे काही अर्थपंडित म्हणतील. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. रिकामी विमाने कायम सरकारी पैशाने उडवणे कोणाच्याच हिताचे नाही. परंतु रस्ता, रेल्वे व टपाल यांची गणना राष्ट्राने कधी केवळ नफ्या-तोट्याच्या वहीत केली नाही. १९९४ पासून विमान कंपन्यांवर दुर्गम मार्गांवर ठराविक प्रमाणात सेवा देण्याचे बंधन आहे, ते याच विचाराने. शिवाय ‘उडान’चा तूटनिधी मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांच्या आकारणीतून येतो आणि त्यातील वाटा राज्यही उचलते. समाज पैसा देणार असेल, तर त्या पैशाने खात्रीची सेवा मिळावी ही अपेक्षा रास्तच आहे.

आणखी एक बाब मूलगामी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०, तर जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती सर्व मोठी जेट विमाने आहेत. नव्या भारताच्या आकाशात जिल्ह्याच्या गावाला साजेशा लहान विमानाचा विचार त्या मागण्यांत नव्हता. देशातही ‘सारस’ हे स्वदेशी विमान २००४ मध्ये आकाशात झेपावले, पण प्रवासी सेवेपर्यंत पोहोचले नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे सतरा आसनी डॉर्निअर एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगड-पासीघाट मार्गावर उतरले, ही आश्वासक सुरुवात होती. परंतु फ्रान्स-इटलीच्या एटीआरला पर्याय ठरेल असे भारतीय विमान उभे राहत नाही, तोवर छोट्या विमानतळांचे वेळापत्रक परदेशी भाडेपट्ट्यांवर आणि सुट्या भागांवर अवलंबून राहणार.

तोपर्यंत करण्याजोगे पुष्कळ आहे. तूटनिधीच्या करारात राखीव विमानाची अट असावी आणि निधीचा काही भाग नियमितपणाशी जोडावा. रद्द झालेल्या फेऱ्यांचा हिशेब दरमहा जनतेपुढे मांडावा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. तेथील वेळा महानगरांनी व्यापून टाकण्यापूर्वीच राज्यातील जिल्हा विमानतळांसाठी काही वेळा राखून ठेवाव्यात. मुदत संपल्यावर आधार एकाएकी न काढता टप्प्याटप्प्याने कमी करावा.

आणि नागरिकांनी? व्यापारी संघ, हॉटेल व्यावसायिक, ग्राहक संघटना यांनी एकत्र येऊन वर्षभराच्या प्रवासाची मागणी कंपनीपुढे ठेवली, तर तिच्या हिशेबात गावाची पत वाढेल. विमानतळाच्या कोनशिलेवर कोणाचे नाव आहे, हे विचारण्याची सवय समाजाने सोडावी. उद्या सकाळचे विमान नक्की येणार का, आणि न आल्यास उत्तर कोण देणार, एवढे दोन प्रश्न प्रत्येक लोकप्रतिनिधीला सातत्याने विचारले गेले, तरी अनेक ओस धावपट्ट्यांचे दैन्य फिटेल.