कार्डावरची कोरी पानं

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीत माझ्याकडे आठ वर्षांची लॅब्राडोर कुत्री आणली. चार दिवसांपासून जेवण बंद, पाणी मात्र सारखं पीत होती. महिन्याभरापूर्वी माजावर येऊन गेली होती. पोटाला हात लावताच अंदाज आला आणि सोनोग्राफीत तेच निघालं : पायोमेट्रा. मालकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं लसीकरणाचं कार्ड पुढे केलं. सहाव्या आणि नवव्या आठवड्याच्या लसींचे दोन स्टिकर, मग रेबीजच्या तीन वर्षांच्या नोंदी, त्यापुढे कोरी पानं. वजनाच्या रकान्यात एकही आकडा नाही. गर्भाशय काढलं, कुत्री वाचली. पण ते कार्ड डोळ्यांपुढून हलत नाही, कारण त्यावरचं अक्षर माझं होतं. दर खेपेला लस टोचून मी तिला घरी पाठवलं होतं. नसबंदीचा विषय तीन वर्षांत एकदाही काढला नव्हता.

वऱ्हाडात आपला पशुवैद्यकांचा व्यवसाय बैल आणि म्हशीभोवती वाढला. प्रतिबंध आपल्याला नवा नाही. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी गावोगाव टोचण्यात आपल्यातल्या अनेकांची उमेदीची वर्षं गेली. कुत्र्या-मांजरांकडे मात्र अजूनही ‘खात नाही’ म्हणून आणलेला रुग्ण याच नजरेनं पाहिलं जातं. लसीचा दिवस म्हणजे तपासणीचा दिवस, हे आधी आपल्या मनात पक्कं व्हायला हवं.

सुरुवात पिल्लापासूनच चुकते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं काही पिल्लांत आठव्या आठवड्यात उतरतात, काहींत सोळाव्यापर्यंत टिकतात आणि तोवर दिलेली लस निष्प्रभ करतात. कोणत्या पिल्लात काय होणार, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा. नेमका हाच डोस राहतो. ‘दोन झाल्या, आता वर्षानं या’ असं आपणच सांगतो आणि चौथ्या महिन्यात तेच पिल्लू रक्ताची हगवण घेऊन येतं. घरचे त्याला गॅस्ट्रो म्हणतात, आपण पार्व्हो. जागतिक लघुपशू पशुवैद्यक संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना तर पहिल्या वाढदिवसाच्या बूस्टरची वाट न पाहता तो 26 व्या आठवड्याच्या सुमारास द्यायला सांगतात. त्या भेटीत दुधाचे सुळे पडले का, वृषण उतरले का, हेही दिसतं आणि नसबंदीचं बोलणं आपसूक निघतं. मोठ्या जातींत हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबावं. पण कधी करायची ती तारीख त्याच दिवशी कार्डावर लिहावी.

कुत्र्यांच्या लसीचा हा मुद्दा घरापुरता नाही. 2018 मध्ये गीरमध्ये तीन आठवड्यांत 20 हून अधिक सिंह दगावले आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या अंगणात मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांतली कुत्री गुरांमागे जंगलात जातात. तिथे रेबीजचं शिबिर घेणाऱ्यांनी डिस्टेंपरची लसही सोबत न्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तरुण वयात लस वेळेवर असली तरी वऱ्हाडात गोचीड सुट्टी देत नाही. घराच्या भिंतींच्या फटींत, कूलरखालच्या ओलीत तो वाढत राहतो. कुत्र्यावर औषध लावून घर तसंच सोडलं तर महिन्याभरात सगळं मूळपदावर. वर्षातून एकदा तरी हिरड्यांचा रंग, प्लीहा आणि प्लेटलेट पाहिले, तर एर्लिकिया नाकातून रक्त येण्याआधी हाती लागतो.

मांजरांची उपेक्षा याहून मोठी. बाजाराच्या थैलीत घालून आणलेल्या मांजरीचे मालक विचारतात, ‘मांजरीलेबी लस द्या लागते काय जी?’ द्यावी लागते. पॅनल्युकोपेनिया पिल्लांचं अख्खं वेत संपवतो. आणि दोन गोष्टी प्रत्येक मांजरवाल्याला पहिल्याच भेटीत सांगाव्या : कुत्र्याचं परमेथ्रिनचं गोचीड-औषध मांजरीला लावायचं नाही आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी द्यायची नाही. दोन्ही विषं पचवण्याची यकृताची सोय मांजरीत तोकडी असते. सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

म्हातारपणी तर सगळा हिशेब नोंदींवर येतो. मांजरीची मूत्रपिंडं सुमारे तीन-चतुर्थांश निकामी होईतो क्रिएटिनिन वाढत नाही. वजन मात्र आधीच उतरू लागतं. चार किलोच्या मांजरीत चारशे ग्रॅम म्हणजे दहा टक्के. डोळ्यांना ते दिसत नाही, जुना आकडा असेल तरच कळतं. मोठ्या जातीचा कुत्रा सातव्या वर्षी, मांजर दहाव्या वर्षी ज्येष्ठ धरून सहा महिन्यांनी बोलवावं. दात, हृदयाचे ठोके, कासेतल्या गाठी, लघवीची घनता पाहावी. अवघड रुग्ण अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत पाठवताना सोबत या नोंदी गेल्या, तर तिथल्या सहकाऱ्यांचं निम्मं काम सोपं होतं.

वजनकाटा नाही, असं तालुक्याचे मित्र सांगतात. घरातला माणसांचा काटा चालतो. मालकाला कुत्रा कडेवर घेऊन उभं करायचं, मग एकट्याला, आणि वजाबाकी करायची. मांजर दुकानातल्या डिजिटल काट्यावर टोपलीसकट ठेवायची, टोपलीचं वजन वजा करायचं. त्या लॅब्राडोरचं टाके काढायच्या दिवशीचं वजन 27 किलो 400 ग्रॅम होतं. कार्डावर मी ते लाल शाईनं लिहिलं आहे.