बावीस हात, एक फळा

त्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. ‘माझ्या वर्गातली मुलं घरी पावरी बोलतात. पुस्तकातले निम्मे शब्द ती पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकतात.’ खाली नाव नव्हतं. पडद्यावरच्या पांढऱ्या फळ्यावर पिवळ्या, हिरव्या, गुलाबी साठ-पासष्ट चिठ्ठ्या उमटल्या होत्या, त्यांतली ही एक.

प्राथमिक शिक्षकांची ती ऑनलाइन कार्यशाळा होती. नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंतचे २२ शिक्षक होते आणि विषय होता, तिसरीत पोहोचलेल्या काही मुलांना सलग वाचता का येत नाही? आधीची दोन सत्रं मी नुसत्या व्हिडिओ कॉलवर घेतली होती. दोन्ही वेळा तेच चौघं बोलले. बाकीचे चौकोन शांत. कुणी ‘नमस्कार ताई’ लिहून आत यायचं, कुणी ‘धन्यवाद ताई’ लिहून बाहेर पडायचं. कारणंही नेहमीचीच निघाली. पालकांचं दुर्लक्ष, मोबाइल, गैरहजेरी.

तिसऱ्या सत्रात कॉलच्या जोडीला ऑनलाइन व्हाइटबोर्ड घेतला. लिंक सगळ्यांना दिली आणि सांगितलं, प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या लिहायच्या, पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. त्या पाच मिनिटांत ती पावरीची चिठ्ठी आली. मग सारख्या चिठ्ठ्या शेजारी आणायला सुरुवात झाली, तेव्हा गडचिरोलीच्या बाईंनी आपली माडियाची चिठ्ठी ओढत तिच्याजवळ नेली, मेळघाटातल्या सरांनी कोरकूची नेली. दहा मिनिटांत फळ्यावरचा सर्वांत मोठा पुंजका ‘घरची भाषा’ हा होता. आणि दोन सत्रांत एकदाही न ऐकलेला आवाज आला, ‘ताई, पहिली चिठ्ठी माझी. बोलू का?’

ते धडगावकडचे गुरुजी होते. नेटवर्कसाठी शाळेमागच्या टेकडीवर येऊन बसले होते. पुढची वीस मिनिटं ते बोलले आणि आम्ही सगळे ऐकत राहिलो. दोन सत्रं हा माणूस आमच्यात होता, त्याच्यापाशी हे सगळं होतं, आणि मी ते विचारूच शकले नव्हते, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून फळ्याशिवाय ऑनलाइन कार्यशाळा घ्यायची नाही, असं मी ठरवलं.

साधा हिशेब मांडून पाहू. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तासाभराच्या सत्रात मार्गदर्शक ४० मिनिटं बोलला, तर उरलेल्या २० मिनिटांत २२ जण बसवायचे. माणशी एक मिनिटसुद्धा येत नाही. ज्याला बोलायची सवय आहे, ज्याचं नेटवर्क चांगलं आहे, ज्याला अनम्यूट करताना छातीत धडधडत नाही, तो ती मिनिटं घेतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मनातला मुद्दा धरून ठेवतात, आणि धरता धरता तो विसरतात, किंवा आपला मुद्दा आता शिळा झाला असं समजून गप्प बसतात. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली हेच प्रयोगातून दाखवलं होतं. गटाने बोलत बोलत कल्पना काढल्या तर कमी निघतात, तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढल्या तर जास्त. आणि यामागचं मोठं कारण म्हणजे पाळीची वाट पाहणं. समोरासमोरच्या खोलीतही हे घडतं. कॉलवर तर शेजारच्याच्या कानात कुजबुजायचीही सोय नाही.

लिहिण्याला पाळी लागत नाही. १९६८ साली बर्न्ड रोरबाख या जर्मन तज्ज्ञाने यावर एक सोपी रीत सुचवली. सहा माणसं, प्रत्येकाने तीन कल्पना, पाच मिनिटं; मग कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना कागदावर येतात. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना हलकेच चिकटणारा आणि सहज सुटणारा गोंद सापडला. त्यातून पुढे आपल्या ओळखीच्या पिवळ्या चिठ्ठ्या आल्या. आणि त्याच वर्षी, ९ डिसेंबरला, संगणकतज्ज्ञ डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात आणला. दोघं एकाच मजकुराकडे बघत होते आणि दोघांचे कर्सर त्यावर फिरत होते. आज आपण चेहरे एका खिडकीत आणि फळा दुसऱ्या खिडकीत उघडतो, त्या कल्पनेची सगळी अंगं तेव्हाच जन्मली होती.

चेहरा आणि फळा दोन्ही का लागतात, हे जपानच्या हिरोशी इशी यांनी फार सुंदर दाखवलं. एनटीटी कंपनीत असताना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मिनोरू कोबायाशी यांच्यासोबत ‘क्लिअरबोर्ड’ नावाचा प्रयोग केला. काचेच्या दोन बाजूंना दोघं उभे आहेत, काचेवर लिहिताहेत आणि काचेतूनच एकमेकांकडे बघताहेत, असा अनुभव त्यांनी दूरच्या दोन माणसांना दिला. समोरचा चित्राच्या कुठल्या भागाकडे बघतोय, हेही त्यात कळायचं. आपल्या साध्या साधनांत ती नजर दिसत नाही, पण नाव लावलेला कर्सर थोडंफार ते काम करतो. कुणाचा बाण एखाद्या चिठ्ठीभोवती घुटमळतोय असं दिसलं की मी विचारते, ‘बाई, तिथे काही म्हणायचंय का?’ बहुतेक वेळा म्हणायचं असतंच.

आता खरी गोष्ट. फळा उघडला म्हणजे काम झालं असं नाही. अनेक कार्यशाळांत मी पाहते, सुलभक फळा उघडतो, आपली स्क्रीन शेअर करतो आणि लोक बोलतील ते स्वतः टिपतो. म्हणजे खडू त्याच्याच हातात राहिला. काय लिहायचं, कुठे लिहायचं, काय गाळायचं, हे सगळं तोच ठरवतो. स्क्रीन दाखवणं आणि लिंक देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे मी पडद्यावर शिकले नाही. तरुणपणी गावनियोजनाच्या कामात होते, तेव्हा मराठवाड्यातल्या एका गावात देवळासमोरच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचं ठरलं. आधी कागद आणि स्केचपेन आणले होते. ते ज्याला लिहिता येतं त्या एकाच्या हाती गेले आणि बायका मागे सरकल्या. कागद गुंडाळून रांगोळी जमिनीवर आणली, तेव्हा एक आजी पुढे आल्या, तळहाताने एक रेघ पुसून म्हणाल्या, ‘पाण्याला आम्ही या वाटेनं जात नाही रे बाबांनो, हिकडनं जातो.’ जमिनीभोवती सगळे बसू शकतात, सगळ्यांचा हात पोहोचतो, आणि चुकलं तर तळहाताने पुसता येतं. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी लोकसहभागाच्या या पद्धती जगभर पोहोचवल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने हातातली काठी गावकऱ्यांच्या हाती द्यावी, हे त्यांचं मुख्य सांगणं. ऑनलाइन फळा माझ्या दृष्टीने ते अंगण आहे. म्हणून माझी पहिली अट हीच, की लिंक सगळ्यांना आणि लिहिण्याची मुभाही सगळ्यांना.

‘ताई, फळ्यावर गोंधळ होतो’, अशी तक्रार नवे सुलभक करतात. होतो. पण तो तयारीने टळतो. मागची आखणी, मथळे, चौकटी मी आधीच कुलूपबंद करते. नाहीतर चिठ्ठी उचलायला गेलेल्याच्या बोटाला आख्खा तक्ता येतो. पहिली चिठ्ठी कधीच विषयाची नसते. ‘आज न्याहारीला काय होतं?’ एवढंच विचारते. पोहे, भाकरी-ठेचा, आंबोळी, ‘चहावरच आहे’ असं उमटत जातं आणि तेवढ्यात चिठ्ठी कशी काढायची, हलवायची, पुसायची, हे सगळ्यांना येतं. जिथे सोय असते तिथे लिहिताना इतरांच्या चिठ्ठ्या झाकून ठेवते, कारण पहिली चिठ्ठी दिसली की पुढच्या दहा तिच्यासारख्या येतात. आणि पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. सुलभकाला ती शांतता सोसत नाही, तो मध्येच बोलतो. बोलू नये. त्या शांततेत लोक विचार करत असतात.

चिठ्ठ्या लावून घेताना मी रकाने आधी आखत नाही. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने नेपाळमधल्या क्षेत्रकामातली टिपणं लावता लावता जी पद्धत घडवली, तिचा गाभाच हा आहे. टिपणं पसरा, ज्यांना एकमेकांजवळ यावंसं वाटतं त्यांना जवळ येऊ द्या, नाव मागाहून द्या. कावाकिता यांच्या आद्याक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. त्या दिवशी मी ‘पालक’, ‘शाळा’, ‘मूल’ असे तीन रकाने आखून दिले असते, तर ‘घरची भाषा’ हा पुंजका झालाच नसता. पावरीची चिठ्ठी पालकांच्या रकान्यात गेली असती आणि दुर्लक्षाच्या ढिगाखाली दबली असती.

आपल्याकडच्या अडचणी आपल्याच आहेत, त्यांची सोयही आपणच लावायची. निम्मे शिक्षक मोबाइलवरून येतात आणि सहा इंची पडद्यावर मोठा फळा हाताळणं जिकिरीचं असतं. त्यांना मी कागदावर लिहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगते. लॅपटॉपवरचा जोडीदार तो मजकूर त्यांच्याच शब्दांत फळ्यावर चढवतो. ‘त्यांच्याच शब्दांत’ यावर मी अडून बसते. देवनागरी टाइप करायला ज्यांना वेळ लागतो, त्यांना बोलून लिहिण्याची सोय दाखवते. नेटवर्क ढासळलं की आधी कॅमेरे बंद करायचे, आवाज आणि फळा चालू ठेवायचा. व्हिडिओला सेकंदाला कितीतरी चित्रं पाठवावी लागतात. फळ्यावर मात्र कोणती चिठ्ठी कुठे सरकली आणि तिच्यावर काय लिहिलं, एवढंच जातं. टेकडीवरच्या गुरुजींपर्यंत ते पोहोचतं.

एक गोष्ट मला एका अंध शिक्षिकेने शिकवली. सत्र संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘ताई, सगळे फळ्यावर होते तेव्हा मी एकटीच बाहेर होते.’ रंग, जवळ-दूर, बाण, हे सगळं डोळ्यांचं काम. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला असा फळा नीट उलगडत नाही. ज्या साधनाने मी एकाला आत आणलं, त्याच साधनाने दुसरीला दाराबाहेर ठेवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचली जाते, पुंजके शब्दांत सांगितले जातात, आणि ज्यांना लिहून चालत नाही त्यांचं म्हणणं आधी ऐकून चिठ्ठीवर घेतलं जातं. यात वेळ जातो. पण वाचून दाखवल्यामुळे डोळस माणसंही चिठ्ठ्या जास्त लक्ष देऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

साधनांच्या नावात फार अडकू नये. मिरो आहे, म्युरल आहे, झूम आणि मायक्रोसॉफ्टचे आपापले फळे आहेत. एक्सकॅलिड्रॉ तर मुक्तस्रोत आहे आणि खातं न उघडताही चालतं. साधनं येतात-जातात. शाळांमध्ये रुळलेला गुगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ला बंद झाला. म्हणून फळ्यावरचं लोकांच्या हाती उरावं यासाठी शेवटची दहा मिनिटं मी राखूनच ठेवते. प्रत्येकाला तीन ठिपके, महत्त्वाच्या वाटणाऱ्या चिठ्ठ्यांवर द्यायला. मग कोण, काय, कधीपर्यंत, हे लिहायचं. आणि फळ्याची पीडीएफ त्याच संध्याकाळी गटावर टाकायची. लोकांनी लिहिलेलं लोकांकडे परत गेलं पाहिजे.

त्या कार्यशाळेतून एक छोटा गट उभा राहिला. पावरी, कोरकू आणि माडिया बोलणाऱ्या मुलांचे सात शिक्षक. दर शनिवारी ते एका फळ्यावर जमतात. एका बाजूला पाठातला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला मुलं घरी म्हणतात तो शब्द, मध्ये चित्र. माझ्याकडे त्या फळ्याची लिंक आहे, पण मी त्यावर लिहीत नाही, फक्त वाचते.

परवा बऱ्याच दिवसांनी समोरासमोरची कार्यशाळा घेतली. सभागृहातला फळा व्यासपीठावर, उंच, आणि खडूचा डबा माझ्या टेबलावर. पूर्वी मी सरळ लिहायला सुरुवात केली असती. या वेळी खुर्च्या मागे सारायला सांगितल्या, कार्डशीट जोडून जमिनीवर पसरल्या आणि प्रत्येकाला एकेक मार्कर दिला. ‘पाच मिनिटं’, एवढंच म्हटलं. काही जण आधी एकमेकांकडे बघत राहिले. मग मागच्या रांगेतल्या एक बाई पदर खोचून खाली बसल्या आणि लिहू लागल्या. त्यांच्या पाठोपाठ सगळे बसले. कागदावर मार्कर सरकल्याचा आवाज तेवढा येत होता. मी घड्याळ बघत भिंतीला टेकून उभी होते, माझे दोन्ही हात रिकामे होते.