छायाचित्राची कोरी पाठ

प्रवासाची हौस आमच्या लोकांस आतांच लागली असें नाहीं. काशीची यात्रा, पंढरीची वारी, नरसोबाच्या वाडीची पौर्णिमा, हीं सर्व घराबाहेर पडण्याचींच निमित्तें होतीं. परंतु हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत प्रवासाचा जो नवा पंथ निघाला आहे, त्याचा मूलमंत्र निराळा आहे. महाबळेश्वर किंवा माथेरान हीं नांवें या पंथांत उच्चारणें म्हणजे शुद्ध गांवढळपणा. 'जेथें कोणी जात नाहीं तेथें आम्ही जाऊन आलों' हें वाक्य चारचौघांत म्हणतां आलें पाहिजे, आणि त्याच्या पुराव्यादाखल छायाचित्रांची चळत पुढें टाकतां आली पाहिजे. परत आल्यावर या छायाचित्रांचें काय करावयाचें याचेंहि एक शास्त्र तयार झालें आहे. तीं चहाच्या पेल्यांवर छापावीं, उशांच्या अभ्र्यांवर छापावीं, किल्ल्यांच्या जुडग्यास लोंबकळत ठेवावीं, आणि बारा महिन्यांच्या बारा पानांवर स्वतःचेंच तोंड छापून तें कॅलेंडर नातेवाइकांच्या भिंतीवर वर्षभर टांगावें. यास 'कल्पक उपयोग' असें म्हणतात. या दोन्ही गोष्टींवर आमचा आक्षेप आहे, आणि तो थोड्या रागानेंच मांडावयाचा आहे. कारण या अपराधांत आमचेहि हात भरलेले आहेत.

प्रथम 'अपरिचित स्थळ' या शब्दांचाच समाचार घेऊं. अपरिचित म्हणजे कोणास अपरिचित? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर हजारों वर्षांपूर्वीं कोणी तरी हत्ती, मासे, वाघ, माणसें आणि अर्थ न लागणाऱ्या चौकोनी आकृति कोरून ठेविल्या आहेत. राजापूर तालुक्यांतील कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब असून त्याच्या अंगांत दुसऱ्या अनेक प्राण्यांच्या आकृति सामावल्या आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्यें एक मनुष्य उभा आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे प्रभृति मंडळींनीं उन्हातान्हांत सडे तुडवून या कातळशिल्पांचा पद्धतशीर शोध घेतला, आणि २०२२ सालीं कोंकण व गोवा मिळून नऊ ठिकाणांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. परंतु हे शोधक सड्यावर वाट विचारीत ती कोणास? गुरें राखणाऱ्यांस. गोव्यांत कुशावती नदीच्या कांठीं उसगाळीमळ येथें जीं खोदचित्रें आहेत, तीं १९९३ सालीं पुरातत्त्व खात्यास समजलीं तीं गांवकऱ्यांनीं सांगितलें म्हणूनच. ज्यांच्या आज्यापणज्यांनीं त्या कातळावर भात झोडलें, त्यांस तें स्थळ कधींच अपरिचित नव्हतें. पुण्या-मुंबईची मोटार पोंचेपर्यंत गांव जणूं अंधारांतच बसला होता, अशा थाटानें आम्ही बोलतों, यांत अज्ञान कोणाचें आणि उघडें कोण पडतें हें वाचकांनींच ठरवावें.

अशाच एका सड्यावर आम्हीं जें पाहिलें तें येथें सांगितलें पाहिजे. एक सुखवस्तु कुटुंब तेथें आलें होतें. कातळावरची रेषा उन्हांत फिकट दिसते. ती चित्रांत उठून दिसावी म्हणून त्यांतील मोठ्या मुलानें खिशांतून खडू काढून ती गिरविण्यास आरंभ केला. वाटाड्या म्हणून आलेला गांवांतला पोरगा 'नको, नको' म्हणत राहिला. त्याच्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. मग आईवडिलांस आकृतीच्या अगदीं मधोमध उभें करण्यांत आलें. पुढें अर्धा तास निरनिराळ्या हंसऱ्या मुद्रांनीं छायाचित्रें निघत होतीं, आणि त्यांपैकीं एकांतहि ती आकृति सबंध आली नसावी. कारण जेथें ती होती तेथें हीं माणसें होतीं. निघतांना आम्हीं गृहस्थांस सहज विचारलें, "या गांवाचें नांव काय?" त्यांनीं उत्तरासाठीं मोबाईल काढला.

यावर कोणी म्हणेल, प्रवासी आले म्हणजे गांवांत चार पैसे येतात, त्यांस तुम्ही कां आडवे येतां? आम्ही मुळींच आडवे येत नाहीं. पिठलें-भाकरीचे पैसे, वाटाड्याचे पैसे, मुक्कामाचे पैसे गांवास मिळावेत, आणि आज मिळतात त्याहून अधिक मिळावेत. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलांच्या हंगामांत माणसांच्या संख्येवर बंधन घालावें लागलें, तसें इतरत्रहि घालावें लागेल. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे, त्यांत आम्ही फार शिरत नाहीं. आमचा प्रश्न साधा आहे. गांवानें तुम्हांस कांहीं दाखविलें. तुम्ही त्याचें चित्र घेऊन गेलां. त्या चित्रांतून गांवास, पुढच्या पिढीस, निदान तुमच्या नातवास तरी काय मिळालें?

आणि येथेंच आम्हांस आमची स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्या घरीं पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तींत १९५८ सालचें एक कृष्णधवल छायाचित्र होतें. दक्षिण कोंकणांतील आमच्या कुलदेवतेच्या देवळांत, सभामंडपाच्या पायरीवर, आजोबा, आजी, दोन आत्या आणि देवळाचे गुरव असे पांच जण त्यांत होते. आजी वारल्यावर तिचें मोठें चित्र भिंतीवर लावावें असें ठरलें. फोटोवाल्यानें तिचा तेवढा चेहरा उचलला, मागची 'गर्दी' पुसून टाकली आणि तेथें निळें आकाश भरलें. ज्या आजीनें उभ्या आयुष्यांत डोईवरचा पदर ढळूं दिला नाहीं, ती आमच्या दिवाणखान्यांत चाळीस वर्षें एखाद्या विमानांतून डोकावावी तशी आकाशांतून पाहत आहे. हें एक वेळ चालेल. परंतु त्यानंतर उरलेली मूळ प्रत आम्हींच, आमच्या हातांनीं, कात्रीनें कापली. कां, तर नव्या आल्बमच्या चौकटींत ती बसत नव्हती. उरला तो आजीपुरता तुकडा.

पुढें त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. या शब्दाचा हल्लीं जो अर्थ होतो तोच तेथें झाला. फणसाच्या लांकडाचे खांब उतरले, कौलें गेलीं, वर सिमेंटचा स्लॅब आणि खालीं चकचकीत फरशी आली. दारांतल्या वीरगळावर खालच्या चौकटींत झुंजणारा वीर, मधल्या चौकटींत अप्सरांबरोबर स्वर्गास निघालेला तोच वीर आणि वर शिवलिंगापुढें बसलेलाहि तोच, असा एकाच माणसाचा तीन पायऱ्यांचा प्रवास होता. त्या तिन्ही पायऱ्यांवर चंदेरी तैलरंगाचा एकच हात फिरला. गांवकऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. गळक्या छपराखालीं कित्येक वर्षें त्यांनीं देव सांभाळला. आम्ही वर्षांतून एकदां वर्गणीची पावती सांभाळली.

कांहीं वर्षांपूर्वीं त्या गांवचा एक तरुण शिक्षक आमच्या घरीं आला. जुना सभामंडप कसा होता याचें चित्र त्यास तयार करावयाचें होतें, आणि त्यासाठीं तो मुंबई-पुण्यांतील चाकरमान्यांच्या घरोघर जुने फोटो मागत फिरत होता. देवळाचा म्हणून काढलेला फोटो कोणाकडेच नव्हता. परंतु मुंजीच्या फोटोंत बटूच्या मागें तुळईचें टोंक आलें होतें. कोणा नवरदेवाच्या फेट्याआडून खांबावरचा कोरीव हस्त दिसत होता. एका रडणाऱ्या बाळाच्या पाठीमागें आख्खी दीपमाळ उभी होती. चौदा घरांतून असे तुकडे त्यानें जमविले होते. आम्हीं आजीचा तुकडा त्याच्या हातांत दिला. त्यानें चेहऱ्याकडे पाहिलेंच नाहीं. आजीच्या डाव्या खांद्याशीं दोन बोटें रुंदीचा खांबाचा जो भाग वांचला होता, त्यावर त्यानें भिंग धरलें आणि तो आनंदानें म्हणाला, "काका, खांबाची बैठक कुठेंच मिळत नव्हती. ही बघा, खालीं चौकोनी आहे आणि इथून अठपैलू होते." मग त्यानें मान वर करून विचारलें, "बाकीचा फोटो कुठें आहे?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें. तें अजूनहि नाहीं.

ज्यास कल्पक उपयोग म्हणावा तो हा. आणि ही केवळ एका खेडेगांवच्या शिक्षकाची लहर आहे असें कोणी समजूं नये. अफगाणिस्थानांतील बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ति मार्च २००१ मध्यें सुरुंगांनीं उडविण्यांत आल्या. त्यानंतर झुरिचच्या तंत्रविद्यापीठांतील आर्मिन ग्रून व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या मूर्तीची त्रिमिति प्रतिकृति संगणकावर उभी केली. तिचा मुख्य आधार होता रॉबर्ट कोस्टका या ऑस्ट्रियन गृहस्थानें १९७० सालीं मोजमापासाठीं काढलेलीं छायाचित्रें. परंतु त्यांनीं प्रवाशांनीं सहज काढलेल्या चित्रांवरूनहि तोच प्रयोग करून पाहिला. २०१५ सालीं मोसूलच्या संग्रहालयांतील मूर्ति फोडल्या गेल्या, तेव्हां तर जगभरच्या प्रवाशांकडून त्यांचे खासगी फोटो मागवून त्यांतून त्या मूर्तींचीं रूपें पुन्हां जुळविण्याचा उद्योग दोघां तरुण संशोधकांनीं आरंभिला. ज्या प्रवाशानें बायकोमुलांस पुढें उभें करून कळ दाबली, त्याच्या ध्यानींमनींहि नसेल कीं बायकोच्या मागचा पंखधारी बैल एक दिवस जगास हवा होणार आहे.

आमच्या घरचेंच उदाहरण घ्यावयाचें तर अजिंठ्याचें घ्यावें. रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला काढल्या; त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. त्याच गिलनें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें मात्र १८६४ सालच्या पुस्तकांत छापून गेलीं होतीं, तीं राहिलीं. लहानशा कागदानें मोठ्या कापडावर मात केली, ती त्याच्या प्रती निघाल्या होत्या म्हणून.

तेव्हां पेल्यावर फोटो छापणाऱ्यांस आम्ही विचारतों: पेल्याच्या कोणत्या बाजूस तुम्ही गांवाचें नांव घातलें? फोटो आमचे, हौस आमची, तुम्हांस काय करावयाचें, असें उत्तर येईल हें आम्ही जाणून आहों. हौसेस आमची ना नाहीं. पेला फुटेपर्यंत खुशाल त्यांतून चहा प्यावा. परंतु त्याच फोटोची एक प्रत कागदावर काढून तिच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें चार ओळी लिहावयास कितीसा वेळ लागतो? गांव, तालुका, तारीख, डावीकडून कोण कोण उभें आहे, आणि त्यांच्या मागें काय आहे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच आम्ही कधीं लिहीत नाहीं. मोबाईल तारीख आपोआप नोंदतो, कित्येकदां स्थळहि नोंदतो, असें घरचीं मुलें सांगतात तें खरें आहे. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें मावशीस धाडला कीं ही नोंद वाटेंत गळून पडते, हें तीं सांगत नाहींत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले तेव्हां त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता. त्यांनीं पुढें आठवून लिहून ठेविलें, आणि तें १९०७ सालीं छापलें गेलें, म्हणून बंडाच्या काळची झांशी आज आम्हांस मराठींत वाचतां येते. आमच्या हातीं दोन हजार चित्रें आहेत आणि त्यांची पाठ कोरी आहे.

दुसरी गोष्ट, फोटोची एक प्रत जेथें काढला तेथें परत गेली पाहिजे. शाळेस द्यावी, ग्रामपंचायतीस द्यावी, वाटाड्याच्या घरीं द्यावी. आणि चित्र काढतांना एकदां, एकदांच, आपण बाजूस व्हावें. यासाठीं दूर जाण्याचीहि जरूर नाहीं. मुंबईच्या बोरिवलीजवळ एकसर येथें नौकायुद्ध कोरलेले वीरगळ उभे आहेत. लोकलगाडीनें जाऊन ते पाहून येणारीं मुंबईकर कुटुंबें किती? तेथें गेल्याचें सांगून चारचौघांत वट वाढत नाहीं, हेंच त्यांचें दुर्दैव.

आमच्या ट्रंकेंत अजून तीनशेंच्या वर फोटो आहेत. शिक्षक येऊन गेल्यापासून आम्ही दर रविवारीं ते घेऊन बसतों. आतांपर्यंत एकसष्टांच्या पाठीवर लिहून झालें आहे. एका चित्रांत विहिरीच्या कांठीं तीन बाया उभ्या आहेत आणि मागें एक चिरेबंदी कमान आहे. दोघींचीं नांवें लागलीं. तिसरी कोण, विहीर कोणत्या वाडींतली आणि कमान कशाची, हें सांगूं शकेल असें माणूस आतां घरांत एकच, आमच्या थोरल्या काकू. त्यांस एकोणनव्वदावें लागलें आहे. सकाळीं त्यांस चांगलें आठवतें, दुपारनंतर नांवें एकमेकांत मिसळतात. येत्या रविवारीं आम्ही आठ वाजतांच बसणार आहों.