ज्ञान हवे, हक्क नकोत?



९ सप्टेंबर २०२०ची सकाळ बे एरियातले कुणी विसरले नसेल. दहा वाजून गेले तरी घरात दिवे लावावे लागत होते आणि बाहेर आकाश नारिंगी. त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, क्लॅमथ नदीकाठच्या हॅपी कॅम्पमध्ये, करुक जमातीतल्या कितीतरी लोकांची घरे जळाली. तेव्हापासून आपल्या मंडळींत एक वाक्य वारंवार ऐकू येते : "या आदिवासींकडून शिकायला हवे." वाक्य गोड आहे, पण अर्धे आहे.

करुक आणि युरोक पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हंगामात, बेताच्या आगीने जंगल भाजत आले. पालापाचोळा जळतो, मोठी झाडे टिकतात. ओकच्या फळांतली कीड मरते. हेझलला टोपल्या विणण्याजोगे सरळ फोक फुटतात. हे ज्ञान हरवले नव्हते, तो गुन्हा ठरवला गेला. १८५० साली राज्याच्या पहिल्याच विधिमंडळाने माळ पेटवणाऱ्यांना शिक्षा ठेवली, आणि त्याच कायद्याने मूळनिवासींना वेठीला धरण्याची सोयही केली. पुढे फॉरेस्ट सर्व्हिसने 'दिसेल ती आग विझवा' हेच धोरण केले. कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्यामागे इंग्रजांचे जंगलखाते लागले होते, त्याचीच ही मोठी आवृत्ती. शतकभराचा पाचोळा साठला, त्यात तापमानवाढीची भर पडली. २०१८ मध्ये पॅराडाइज गावाच्या आगीत ८५ माणसे गेली.

आता सगळ्यांना हे ज्ञान हवे आहे. पण कसे? एखादे वर्कशॉप, तासाभराचे प्रेझेंटेशन, प्रश्नोत्तरे आणि जेवण! कोणत्या दिवशी वारा कसा असला की पेटवायचे, हे स्लाइडवर मावत नाही. ते जमिनीवर, वडीलधाऱ्यांबरोबर, दर वर्षी करून टिकते. जमिनीवर हक्क नसेल तर ज्ञानही उरत नाही, उरतो तो फक्त त्याचा कौतुकसोहळा.

खरा संवाद कसा असतो ते आपल्याकडच्या मेंढा (लेखा) गावाने दाखवले आहे. गडचिरोलीतल्या या गोंड गावात देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यासगट चालले. बाहेरचे जाणकार तिथे येत, बोलत, ऐकत. निर्णय मात्र ग्रामसभा घेई, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. गप्पांना वजन आले ते या हक्कामुळे.

आपण मेंढ्याचे कौतुक करतो, तिकडच्या कामांना चेकही पाठवतो. आणि इथे? आमच्या गावाजवळच्या टेकडीवर नियोजित आग लावण्याची सूचना निघाली, तेव्हा ईमेलवर पहिल्या तक्रारी आपल्याच लोकांच्या होत्या : धूर येईल, घरांच्या किमती पडतील. दम्याच्या रुग्णाची काळजी खरी आहे. पण निवड धूर की स्वच्छ हवा अशी नाहीच. आधी कळवून एक दिवसाचा थोडा धूर, की न कळवता आलेला महिनाभराचा, एवढीच ती आहे.

२०२४च्या राज्य कायद्याने जमातींना स्वतःच्या पद्धतीने आग लावण्यासाठी करार करण्याची वाट खुली केली. २०२५च्या फेब्रुवारीत करुक जमातीने असा पहिला करार केला. वाट आत्ता कुठे उघडली आहे, तिला आपल्यासारख्या शेजाऱ्यांचा पाठिंबा लागणार आहे.

म्हणून विनंती एवढीच : आपण ज्या जमिनीवर घर घेतले ती कुणाची होती, हे आधी शोधा. त्या लोकांनी बोलावले तर जा, ऐका, रेकॉर्डिंग करू नका. "हे तुम्हाला सांगणार नाही" असे उत्तर आले तर तेही मुकाट्याने ऐका. आणि गावच्या सुनावणीत नियोजित आगीचा विषय निघाला की तिच्या बाजूने दोन मिनिटे बोला. तेवढे जमत नसेल, तर "शिकायला हवे" म्हणणे तरी सोडून देऊ.