‘आजीवन हमी’ नेमकी कशाची?

दंतवैद्यकीच्या जाहिरातींमध्ये ‘आजीवन हमी’ हे शब्द अलीकडे सर्रास आढळतात. निवृत्तीच्या पुंजीतून इम्प्लांट बसवून घेणारे मध्यमवर्गीय गृहस्थ या दोन शब्दांवर विसंबून मोठी रक्कम मोजतात. मात्र ही हमी जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंटीची आहे की तिच्यावरील कॅपची, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

खुंटीची कीर्ती निराधार नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशा खुंट्या बसवल्या आणि २००६ साली तो रुग्ण निवर्तला तोपर्यंत त्या कामात होत्या. परंतु खुंटीचे हे पुण्य कॅपच्या खाती जमा करता येत नाही.

कॅप विकताना झिर्कोनियाच्या ताकदीचा आकडा पुढे केला जातो. वाकवून मोडण्याच्या कसोटीत झिर्कोनिया सुमारे १००० मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेट सुमारे ४०० आणि जुन्या पद्धतीची चिनी माती जेमतेम १०० मेगापास्कलपर्यंत ताण सोसते. आकडे खरे आहेत. पण ते प्रयोगशाळेतील गुळगुळीत पट्टीचे आहेत. तोंडात ओलावा असतो, गरम-थंडाचा मारा असतो आणि लहान लहान आघात वर्षानुवर्षे चालूच राहतात. शिवाय ‘झिर्कोनिया’ या एकाच नावाखाली अनेक प्रकार खपतात. दर्शनी दातांसाठी वापरला जाणारा अधिक पारदर्शक प्रकार ताकदीने जवळजवळ निम्माच असतो. सौंदर्यासाठी झिर्कोनियावर चिनी मातीचा थर चढवला असेल, तर आतला गाभा शाबूत राहतो आणि वरच्या थराचे टवके उडतात.

याहून महत्त्वाची बाब शरीररचनेची आहे. नैसर्गिक दात हाडात चिणलेला नसतो. तो सूक्ष्म तंतूंच्या गादीवर तोललेला असतो. भाकरीत खडा आला की जबडा क्षणात थबकतो, तो बराचसा या तंतूंच्या संवेदनेमुळे. इम्प्लांटला ही गादी नाही आणि ती सूक्ष्म जाणीवही नाही. घाव थेट कॅपवर, तिथून खुंटी व कॅप यांना जोडणाऱ्या बारीक स्क्रूवर जातो. कॅप अभंग राहिली तरी स्क्रू सैल होऊ शकतो, प्रसंगी तुटतो. झोपेत दात खाणाऱ्यांच्या आणि सुपारी फोडणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक. अशांना रात्री लावायचे संरक्षक कवच आधीच सांगितले गेले पाहिजे. कॅप फुटल्यावर सांगून काय उपयोग?

म्हणूनच कॅप कशाची, यापेक्षा ती कशी बसवली आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. स्क्रूने बसवलेली कॅप वरचे छिद्र उघडून काढता येते, घट्ट करून पुन्हा लावता येते. सिमेंटने चिकटवलेली कॅप दिसते देखणी. पण आतला स्क्रू सैल झाला की ती बहुधा कापावीच लागते. हिरडीखाली उरलेले सिमेंट सूज आणते व हाड झिजवते, ते निराळेच. जिथे रचना अनुकूल आहे तिथे स्क्रूचाच आग्रह रुग्णाने धरावा.

दंतवैद्यांनीही एक साधे कर्तव्य पाळायला हवे. खुंटीची कंपनी, प्रकार, माप, लॉट क्रमांक आणि कॅपचा पदार्थ यांची नोंद असलेले कार्ड प्रत्येक रुग्णाला दिले पाहिजे. एका कंपनीचा स्क्रू दुसरीच्या खुंटीत नीट बसेलच असे नाही. नाशकात इम्प्लांट बसवलेले वडील दहा वर्षांनी मुलाकडे पुण्याला येतात, कॅप हलू लागते आणि हाती कार्ड नसल्याने नवा दंतवैद्य क्ष-किरण चित्रावरून कंपनीचा अंदाज बांधत बसतो.