मृगाचा मुहूर्त आणि आभाळाची साक्ष

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या अवर्षणप्रवण गावात पाडव्याचे पंचांगवाचन हा केवळ धार्मिक उपचार नसतो. यंदा पर्जन्य किती आढक, मेघांचा अधिपती कोण, हे ऐकताना शेतकऱ्याच्या मनात पेरणीचाच विचार असतो. आपला पुरोगामी कार्यकर्ता मात्र ‘थोतांड’ म्हणून तेथून उठून जातो. ही आपली चूक आहे, असे माझे मत आहे.

पंचांगाच्या एकाच बांधणीत दोन भिन्न गोष्टी असतात : गणित आणि फल. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचले. जुन्या सिद्धांतांपैकी ज्या ग्रहाच्या बाबतीत जो आकाशाशी जुळला तो त्यांनी पत्करला. ग्रंथप्रामाण्य मानले नाही. अकरा वर्षांचे म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र योजून आणि ज्यांची किचकट आकडेमोड टाळून त्यांनी ग्रहगणित सामान्य जोशाच्या आटोक्यात आणले. केप्लरची कोष्टके त्यानंतर शंभर वर्षांनी, १६२७ मध्ये निघाली. ज्ञान सुलभ करण्याचे हे कार्य थोर होते. परंतु कोष्टक हाती आले आणि आकाशाकडे पाहण्याची सवय सुटली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली, तरीही जुन्या गणिताची पंचांगे दीर्घकाळ चालूच राहिली.

या आळसाची किंमत शेतकरी मोजतो. पंचांगातील नक्षत्रांचे निरयन वर्ष ऋतुवर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. साधारण बहात्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. म्हणजे गणेश दैवज्ञांच्या काळापासून मृग ऋतूच्या मानाने आठवडाभर पुढे सरकला आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ च्या अहवालात हा दोष दाखविला. २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सरकारी कागदांवर राहिली, बांधावर पोहोचली नाही.

फलाची तर कधी तपासणीच होत नाही. सूर्य मृगात केव्हा शिरेल हे मिनिटापर्यंत सांगता येते. पाऊस केव्हा पडेल हे त्यावरून सांगता येत नाही. राळेगणने १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने वेगळा मार्ग धरला. पडेल ते पाणी नाल्यांत अडवले, जमिनीत जिरवले आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला. भाकितावर विसंबण्याऐवजी गावाने पाण्याचा हिशेब केला.

आम्हां अर्थशास्त्रज्ञांच्या भाकितांनाही हीच कसोटी लागू आहे. ताळा न पाहता मांडलेली योजना म्हणजे दुसरे वर्षफलच.

म्हणून कार्यकर्त्यांनी येत्या पाडव्याला उठून जाऊ नये. वाचन पूर्ण ऐकावे आणि नम्रपणे विचारावे : गतवर्षीचे फल काय होते आणि पाऊस किती झाला? पर्जन्यमापकाचे आकडे सोबत न्यावेत. गणेश दैवज्ञांनी आकाशाला जे विचारले, तेच आपण गावाला विचारायचे आहे.